आज्ञा कोणी मोडली?

आमच्या शाळेत झाडलोट करणारी एक बाई आहे. सगळी पोरे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मागच्या पावसाळ्यात तिचा मुलगा गेला. २६ वर्षांचा, लग्नाला आलेला. मूत्रपिंडाच्या दुखण्याने दीड वर्ष अंथरुणाला खिळला होता. मावशी ख्रिस्ती आहे, मीही ख्रिस्ती आहे, आणि आमच्या दोघांचे खापरपणजे १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर एकाच देवळाच्या अंगणात बाप्तिस्म्याला उभे राहिलेले. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी सांत्वनाची प्रार्थना झाली. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी बायबल उघडले, मोशेच्या पाच पुस्तकांतले पाचवे, ज्याला मराठी बायबलात 'अनुवाद' असे नाव आहे, त्यातला २८ वा अध्याय काढला आणि आशीर्वादांची वचने खड्या आवाजात वाचली. मग डोळे मिटून ते म्हणाले, की देवाचे अभिवचन कधी खोटे ठरत नाही. ज्या घरात आशीर्वाद थांबला त्या घरात कोठेतरी आज्ञा मोडलेली असते. ह्या घराने आपले अंतःकरण तपासून पाहावे. जाता जाता दशांशाची आठवणही त्यांनी करून दिली. ओटीवर बसलेल्यांनी 'आमेन' म्हटले. मीही म्हटले. सवयीने तोंडातून गेले.

चौथ्या दिवशी मावशी कामावर आली, कारण खाडा धरतात. मधल्या सुट्टीत केरसुणी भिंतीला टेकवून ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही एवढी पुस्तकं लिहिता. मला एक सांगा, माझ्याकडून कोणती आज्ञा मोडली?"

मला उत्तर देता आले नाही. कादंबरीत मी ह्याहून अवघड प्रश्नांची उत्तरे देतो. पण तेथे प्रश्नपत्रिका माझी आणि तपासणारा मीच. त्या दुपारी घंटा झाली आणि मी वर्गावर गेलो. आता जे लिहितो आहे ते तिला द्यावयाचे उत्तर आहे. ते तिला द्यायचे सोडून दिवाळी अंकात छापतो आहे, ह्याचे कारण असे की तिच्या ओटीवर 'आमेन' म्हणणारे आम्ही पुष्कळ जण आहोत, आणि त्यांत नुसते ख्रिस्तीच आहेत असे नाही. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याच्या नौकेतल्या धनाची पाने आणि वेली झाल्या, हे ऐकत ज्यांचे बालपण गेले त्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. व्रत पाळले की गलबत तरले. प्रसाद विसरला की बुडाले. हिशेब सगळ्या धर्मांना सुचतो. पण मी बोलणार आहे ते माझ्या घरच्या पोथीविषयी. दुसऱ्याच्या पोथीवर टीका करण्यास फारसे धैर्य लागत नाही.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्यातले काही सुशिक्षित लोक असे प्रसंग आले की म्हणतात, "अहो, बायबलाचा तसा अर्थच नाही." हे खरे नाही. बायबलात तसे लिहिले आहे, आणि अगदी स्वच्छ लिहिले आहे. देवाचे ऐकशील तर नगरात आणि शेतात आशीर्वादित होशील. पोटचे फळ, जमिनीचे फळ, गुराढोरांची वासरे, टोपली आणि काथवट, आत येणे आणि बाहेर जाणे, सर्वांवर आशीर्वाद राहील. शत्रू एका वाटेने येईल आणि सात वाटांनी पळेल. तू पुष्कळ राष्ट्रांना कर्ज देशील, स्वतः काढणार नाहीस. हा मजकूर काही पाठभेद नाही की एखाद्या भाविक नकलनविसाची भर नाही. तेव्हा उपदेशकांनी खोटे वाचले असा माझा आरोप नाही. त्यांनी थोडे वाचले, हा माझा आरोप आहे.

त्या अध्यायात ६८ वचने आहेत. त्यांपैकी आशीर्वादांची पहिली १४. उरलेली ५४ शापांची. पहिली १४ फळ्यावर लिहून, चौकटीत घालून, दिनदर्शिकेवर छापून घरोघर लावतात. ती ५४ मी आजवर कोणाच्या भिंतीवर पाहिली नाहीत. त्यांत तापज्वर आहे, तांबेरा आहे, डोक्यावरचे आकाश पितळेचे आणि पायाखालची भूमी लोखंडाची होणे आहे. आणि शेवटी वेढ्यात सापडलेल्या नगराचे असे वर्णन आहे की ज्यात नाजूक वाढलेली आई आपल्याच लेकराला भुकेने खाते आणि नवऱ्याला वाटा देत नाही. मी कादंबरीकार आहे; एवढे कठोर पान लिहिण्याची माझी छाती नाही. असे पान कल्पनेने लिहिता येत नाही. ते पाहिलेल्या माणसाने किंवा पाहिलेल्याच्या तोंडून ऐकलेल्याने लिहिलेले असते.

ह्या शापांचा एक भाऊबंद मातीत सापडला आहे. १९५५ साली इराकात निमरूदच्या उत्खननात अश्शूरचा राजा एसर-हद्दोन ह्याच्या करारपत्राच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. करार इ. स. पूर्व ६७२ चा. मांडलिकांनी युवराजाशी निष्ठा राखावी, न राखल्यास त्यांच्यावर काय काय कोसळावे ह्याची भली मोठी यादी त्यात आहे. आणि त्या यादीत हेच पितळेचे आकाश आहे, हीच लोखंडाची भूमी आहे. म्हणजे त्या काळी सम्राट आपल्या मांडलिकांना ज्या भाषेत दरडावीत, तीच भाषा इस्राएलाने उचलली आणि देवाशी केलेल्या कराराला लावली. आमची निष्ठा अश्शूरच्या गादीशी नाही, देवाशी आहे, असे एका चिमुकल्या राष्ट्राने सम्राटाच्याच शब्दांत सम्राटाला सुनावले. मला हे फार धीट वाटते. पण करार राजाशी झाला काय आणि देवाशी झाला काय, तो एका राष्ट्राचा करार होता. मराठीत 'तू' असे वाचले की आपल्याला वाटते हे मावशीला उद्देशून आहे. तो 'तू' म्हणजे मवाबाच्या मैदानात उभे असलेले सबंध इस्राएल. त्यांचे शेत, त्यांची न्यायसभा, त्यांचा सावकार आणि त्यांचा मजूर मिळून एक 'तू'. राष्ट्राचा हिशेब एका विधवेच्या वहीत मांडणे ह्याला वाचन म्हणत नाहीत.

बरे, आज्ञा पाळावयाची ती कोणती? येथे मात्र उपदेशकांची खरी लबाडी आहे. २८ वा अध्याय उघडण्यापूर्वी त्यांनी एकच पान मागे उलटले असते तर २७ वा दिसला असता. त्यात लेवी उभे राहून बारा शाप मोठ्याने उच्चारतात आणि प्रत्येक शापाला सगळ्या लोकांनी 'आमेन' म्हणावयाचे असते. शेजाऱ्याच्या बांधाचा दगड सरकवणारा शापित. आंधळ्याला वाट चुकवणारा शापित. परका, पोरका आणि विधवा ह्यांचा न्याय बिघडवणारा शापित. आमच्या त्या ओटीवर ज्या 'आमेन'ची रेलचेल झाली, तिचा मूळ उपयोग हा होता.

आणखी मागे जा. ह्याच पुस्तकात अमुक कर, म्हणजे तुझा देव तुझ्या हातच्या सर्व कामात तुला आशीर्वाद देईल, असे बोट ठेवून कोठे कोठे म्हटले आहे ते मी एका रविवारी पेन्सिल घेऊन पाहिले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. हिब्रू येत नाही, ग्रीक येत नाही. पण मराठी वाचता येते. सणांच्या आनंदापाशी ते वाक्य आहे खरे; परंतु बाकीच्या जागा पाहा. १४ व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवून लेवी, परका, पोरका आणि विधवा ह्यांनी तो पोटभर खावा, म्हणजे आशीर्वाद. १५ व्यात सातव्या वर्षी कर्ज सोडावे. ते वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाला उसने देताना हात आखडू नये, म्हणजे आशीर्वाद. २३ व्यात भावाकडून व्याज घेऊ नये, म्हणजे आशीर्वाद. २४ व्यात शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणावयास परत जाऊ नये, ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची, म्हणजे आशीर्वाद.

दशांशाकडे पुन्हा एकदा पाहा. मावशीने अनेक वर्षे आपल्या तुटपुंज्या पगारातला दहावा हिस्सा पाकिटात घालून दिला. ज्या पुस्तकाच्या आधाराने तो घेतला, त्या पुस्तकाप्रमाणे विधवा ही दशांश देणारी नसून खाणारी आहे! मलाखीचा तिसरा अध्याय तर दशांश गोळा करणाऱ्यांना तोंडपाठ असतो. सगळा दशांश कोठारात आणा आणि मग आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही ते पाहा, असे तेथे देव म्हणतो. ते दहावे वचन. पाचव्यात काय आहे? मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि पोरक्यांना गांजणाऱ्यांवर मी साक्षीदार होऊन झपाट्याने चालून येईन. पाचवरून दहावर येताना आमचे उपदेशक कोणत्या वाटेने येतात, हे एक कोडेच आहे.

आता मजुरीचा विषय निघालाच आहे. त्याच २४ व्या अध्यायात एक आज्ञा आहे, की मजूर स्वकीय असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. त्याने देवाकडे गाऱ्हाणे नेले तर पाप तुझ्या माथी. हे वचन वाचताना मला आमच्या शाळेचे हजेरीपत्रक आठवले आणि मी पेन्सिल खाली ठेवली. त्याविषयी पुढे सांगतो.

आधी ह्या हिशेबाचे खुद्द बायबलातच पुढे काय झाले ते पाहू. ती कथा मोठी चमत्कारिक आहे. यहूदाच्या गादीवर मनश्शे नावाचा राजा १२ व्या वर्षी बसला. राजांच्या इतिहासात त्याच्याइतका वाईट राजा दुसरा नाही. त्याने मूर्ती बसवल्या, पोटचा मुलगा अग्नीतून चालवला, यरुशलेम निरपराध रक्ताने भरले. शिक्षा? त्याने ५५ वर्षे राज्य केले, यहूदाच्या सर्व राजांत सर्वांत जास्त, आणि मेल्यावर आपल्या वाड्याच्या बागेत त्याला पुरले. त्याचा नातू योशीया. तो आठव्या वर्षी राजा झाला. त्याच्या कारकिर्दीत, इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास, मंदिराची दुरुस्ती चालू असता हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. पुष्कळ पंडितांच्या मते तो ग्रंथ म्हणजे आजच्या अनुवादाचाच गाभा होय. तो वाचून दाखवताच योशीयाने वस्त्रे फाडली, मूर्ती जाळल्या, वल्हांडण सण शास्त्राप्रमाणे केला. त्याच्यासारखा मनापासून देवाकडे वळलेला राजा आधी झाला नाही आणि नंतर झाला नाही, असा निर्वाळा ग्रंथकारच देतो. हुल्दा ह्या संदेष्ट्रीने त्याला शांतीने मरण येईल असे सांगितले होते. इ. स. पूर्व ६०९ मध्ये मगिद्दोजवळ मिसरच्या फारो नखोने त्याला ठार केले. वय ३९. पुढे पंचवीस वर्षांच्या आतच नगर पडले, मंदिर जळले.

म्हणजे अनुवादाचा ग्रंथ ज्याने हातात धरून अक्षरशः पाळला तो तरुणपणी रणात पडला, आणि ज्याने तो पायदळी तुडवला तो म्हातारा होऊन बागेत निजला. हा हिशेब पुढच्या इतिहासकाराला सोसला नाही. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याने तो नीट जुळवून घेतला आहे. मनश्शेला म्हणे बेड्या घालून बाबेलास नेले, तेथे त्याला पश्चात्ताप झाला, म्हणून त्याचे राज्य परत मिळाले. आणि योशीया? फारो नखोच्या तोंडून देवच बोलत होता. ते योशीयाने ऐकले नाही, म्हणून तो मेला. वाचकहो, ही युक्ती ओळखा. आधी निकाल ठरलेला असतो. मग त्याला साजेल असा गुन्हा शोधतात. आज्ञाधारक राजालाही शेवटी एक मोडलेली आज्ञा सापडवून देण्यात आली. मावशीला सापडली तर त्यात नवल ते काय!

तरीही जुन्या ग्रंथकारांविषयी मला आदर आहे, आणि त्याचे कारण सांगितले नाही तर अन्याय होईल. नगर पडल्यावर बाबेलात जे उरले त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. बाबेलच्या देवांनी आमच्या देवाला हरवले, असे म्हणावे. अथवा आमचेच चुकले, आम्ही करार मोडला, असे म्हणावे. त्यांनी दुसरे म्हटले. ती ५४ वचने त्यांनी स्वतःला लावून घेतली. आपल्या घराच्या राखेत बसून छाती बडवीत 'माझा अपराध' म्हणणाऱ्या माणसापुढे आपण गप्प उभे राहतो. पण जेवून-खाऊन गाडीत बसून यावे आणि दुसऱ्याच्या राखेत उभे राहून 'तुझा अपराध' म्हणावे, हे निराळे आहे. शब्द तेच असले तरी तोंड बदलले की अर्थ बदलतो, हे मराठी तिसरीच्या मुलालाही कळते.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचा बंदोबस्त बायबलानेच एका स्वतंत्र पुस्तकात केला आहे. ईयोबाचे पुस्तक ४२ अध्यायांचे. ईयोब निर्दोष आहे हे पहिल्याच वचनात सांगून टाकले आहे. लेखकाने वाचकाला पळवाट ठेवलेली नाही. त्याची गुरे जातात, दहाही मुले एका दिवसात घर कोसळून मरतात, अंगभर गळवे होतात. तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. सबंध पुस्तकात त्यांनी केलेले शहाणपणाचे काम ते तेवढेच! मग त्यांची तोंडे उघडतात. अलीफज म्हणतो, निरपराध माणसाचा कधी नाश झालेला आठवतो का? बिल्दद त्याच्याही पुढे जातो. मुले गेलेल्या बापाला तो ऐकवतो, की तुझ्या मुलांनीच काही पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले. आमच्या उपदेशकांचे प्रवचन असे अडीच हजार वर्षांचे जुने आहे, त्यात नवे एक अक्षर नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर जे बोलतात ते सगळे अनुवादाच्या २८ व्या अध्यायाला धरून आहे. शास्त्राबाहेरचे ते काही बोलत नाहीत. आणि शेवटी देव वादळातून बोलतो तेव्हा तो संतापतो कोणावर? ह्या शास्त्राला धरून बोलणाऱ्यांवर. माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असे तो म्हणतो. आणि ज्याला पापी ठरवले त्याच्याकडूनच प्रार्थना करून घेण्याची पाळी त्यांच्यावर आणतो. ईयोबाने तर देवाला कोर्टात खेचण्याची भाषा केली होती.

त्या पुस्तकाचा शेवट मात्र मला कधी पटलेला नाही. ७,००० मेंढरांची १४,००० होतात, ३,००० उंटांचे ६,००० होतात. आणि मुले पुन्हा तितकीच, सात मुलगे, तीन मुली. लेखकाने मुले दुप्पट केली नाहीत, एवढी त्याला लाज होती. पण पहिली दहा? उंटाच्या जागी उंट चालतो. मावशीला उद्या कोणी दुसरा २६ वर्षांचा मुलगा आणून दिला तर ती त्याला जेवायला वाढील, आणि पहिल्याचे ताट तरीही भिंतीशी उपडे ठेवलेलेच राहील. त्या शेवटच्या पानावर लेखक कचरला, की त्याच्या काळच्या एखाद्या संपादकाने त्याला गोड शेवट मागितला? (हा अनुभव मला आहे.)

येशूने तर ह्या हिशेबाच्या वहीची पानेच फाडली. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली. ती इतर यरुशलेमकरांहून जास्त पापी होती असे तुम्हांला वाटते काय? नाही, असे त्याने सांगितले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप ह्याचे की आईबापांचे? कोणाचेच नाही, असे त्याने सांगितले. अनुवादाप्रमाणे पाऊस आज्ञाधारकाच्या शेतावर पडावयाचा. त्याने तो नीतिमान आणि अनीतिमान ह्या दोघांच्याही शेतावर पाडला. पावसावर जगणाऱ्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे पटायला प्रवचन लागत नाही. पाऊस फिरवतो तेव्हा तो देवळात जाणाऱ्याचा बांध पाहून फिरवीत नाही.

एवढे सगळे लिहून ठेवलेले असताना हे १४ वचनांचे दुकान चालते कसे? ह्याचा अलीकडचा माल बराचसा अमेरिकेतून आला आहे. तेथे ओरल रॉबर्ट्स नावाच्या प्रख्यात उपदेशकाने पैशाचे दान म्हणजे पेरलेले बियाणे, ते देव अनेक पटींनी परत करतो, अशी शिकवण लोकप्रिय केली. ह्याच गृहस्थांनी १९८७ साली जाहीर केले होते, की ठरावीक मुदतीत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला घरी बोलावून घेईल. बियाण्याची ती भाषा आता आमच्या तालुक्याच्या मांडवांतही ऐकू येते. ह्यावर अधिक शाई खर्च करावी असे वाटत नाही. मात्र एवढेच, की ज्याला खऱ्या बियाण्याची पिशवी उधारीवर आणावी लागते त्याच्यापुढे ही उपमा वापरायला फार मोठे काळीज लागते.

मला खरा राग आहे तो निराळ्याच गोष्टीचा. आमचे खापरपणजे गावकुसाबाहेर राहात. ते तेथे का राहातात ह्याचे उत्तर गावापाशी तयार होते: पूर्वजन्मीचे पाप. दुष्काळानंतर ते देवळाच्या अंगणात आले, तेव्हा पोटाकरता आले अशी थट्टा झाली. भूक होतीच, ती नाकारण्यात काय अर्थ? पण त्या अंगणात त्यांनी ह्याच २८ व्या अध्यायातले एक अभिवचन ऐकले, की देव तुला मस्तक करील, शेपूट करणार नाही. मिसरात विटा थापणाऱ्या गुलामांना दिलेले ते अभिवचन होते. ज्यांना कोणी जोत्यावर चढू देत नव्हते त्यांनी ते ऐकले आणि आपले समजले. ते वाचन बरोबर होते! त्याच अध्यायाने त्यांच्या माथ्यावरचे पूर्वजन्मीचे पाप उतरवले. आणि आज त्यांच्याच पणतीच्या ओटीवर, त्याच अध्यायातून, मोडलेली आज्ञा म्हणून ते पुन्हा तिच्या माथ्यावर ठेवले जाते. मग एवढा आटापिटा करून आम्ही आलो कशाला?

आमच्यातल्या सर्वांत मोठ्या बाईला हा प्रश्न चांगला ठाऊक होता. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थे फिरले, पुराणे सांगितली, हाती आले ते दान केले, उपास केले, अनुष्ठाने केली. फळ काय? १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्याच्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण गेली. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या. दुष्काळातल्या पोरींना त्यांनी केडगावास आणून वाढवले. आयुष्याच्या उतरणीवर हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी चालवले होते. त्या कामाच्या अखेरीस, १९२१ साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. आता ह्या बाईने कोणती आज्ञा मोडली होती? आधीचे दैवत सोडले म्हणून हे झाले, असे म्हणणारे एका बाजूला सापडतील; नव्या देवाचे काही राहून गेले असेल, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोघांना एकाच बाकावर बसवावे. त्यांचे छान जमेल.

आता हजेरीपत्रक. आम्हां शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून येतात. थोडे पुढेमागे होतात, पण येतात. मावशीचा पगार संस्था आपल्या वरखर्चातून देते, आणि वरखर्च म्हणजे मुलांची फी जमेल तेव्हा. मुलाचे दुखणे जोरावर असताना तिचे चार महिने थकले होते. रक्त शुद्ध करून घेण्यासाठी त्याला आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी न्यावे लागे. एस्. टी.च्या भाड्याला पैसे नव्हते म्हणून दोन खेपा चुकल्या. त्यामुळे मुलगा गेला असे मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. त्या चार महिन्यांत एकूण किती सूर्य मावळले एवढेच मी मोजले आहे. आणि त्यांतल्या कामाच्या प्रत्येक दिवशी त्याच हजेरीपत्रकावर, तिच्या अंगठ्यापासून चार ओळी वर, मी सही केलेली आहे. तिचे पैसे थकले आहेत हे मला माहीत होते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळेच हळहळत असू. संस्थेच्या कार्यकारी मंडळातले एक सभासद त्या दिवशी तिच्या ओटीवर पुढच्या खुर्चीवर बसले होते; त्यांचे 'आमेन' सर्वांत मोठे होते, आणि त्याच्या खालोखाल माझे.

गणपतीच्या सुट्टीनंतर मी मावशीला बोलावले आणि अनुवादाचा २४ वा अध्याय तिला वाचून दाखवला. पेंढीची आज्ञा वाचली, गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची आज्ञा वाचली, मजुरीची वाचली. ती खाली मान घालून ऐकत होती. माझे वाचून झाल्यावर तिने विचारले, "हे आपल्याच बायबलात आहे?"

मी म्हटले, "तुमच्या घरी जे आहे त्यातच. त्यांनी वाचले त्याच्या चार-सहा पाने आधी."

"मग मास्तर," ती म्हणाली, "हे मला काय वाचून दाखवता? तिकडं आफिसात वाचा."

थकबाकी ताबडतोब द्यावी आणि येथून पुढे तिचा पगार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत व्हावा, असा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. शास्त्रवचन घातले नाही. नुसती रक्कम घातली. शिक्षकांच्या खोलीत तो आठ दिवस फिरला. त्यावर माझी धरून तीन सह्या आहेत. चित्रकलेचे मास्तर म्हणतात, भाषा जरा सौम्य करा, मग मीही करतो.